ब्राउझर आपोआप बंद होतो आणि मध्येच नेटही जातं: शोध कुठून सुरू करायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विंडोज १० चा लॅपटॉप, रॅम ४ जीबी, ब्राउझर क्रोम. शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज भरताना कधी क्रोमची अख्खी विंडो गायब होते, कधी एकाच टॅबमध्ये 'ऑ, स्नॅप!' येतं, तर कधी 'नो इंटरनेट' दिसतं. त्याच वाय-फायवर मोबाइल मात्र व्यवस्थित चालतो. क्रोम दोनदा काढून पुन्हा टाकून झालं, फरक पडला नाही. अर्जाची मुदत जवळ आली आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, हा एक बिघाड नाही. ब्राउझर बंद पडणं हा लॅपटॉपच्या आतला प्रश्न आहे: मेमरी, ग्राफिक्स ड्रायव्हर (पडद्यावर चित्र उमटवणारा भाग विंडोजकडून चालवून घेणारा प्रोग्रॅम), एक्स्टेन्शन (क्रोमला वरून जोडलेली छोटी सोय), प्रोफाइल. कनेक्शन तुटणं हा लॅपटॉपपासून राउटरपर्यंतचा आणि तिथून पुढच्या वाटेचा प्रश्न आहे. दोन्ही एकाच अर्जाच्या वेळी दिसतात म्हणून एकच वाटतात, आणि मग एकाचा उपाय दुसऱ्यावर केला जातो. नेट तुटतंय म्हणून क्रोम पुन्हा टाकून काही होणार नाही. विंडो गायब होतेय म्हणून राउटर रीसेट केला तर वाय-फायचा पासवर्ड पुन्हा घालत बसावं लागेल, एवढंच. म्हणून आधी दोन्हींची वेगळी नोंद ठेवा. कागदावर वेळ आणि पडद्यावरचे नेमके शब्द लिहा, जमलं तर मोबाइलने फोटो काढा. एरर पानाच्या तळाशी लहान अक्षरांत जो कोड असतो तो सर्वांत मोलाचा, आणि नेमका तोच कोणी लिहून घेत नाही.

(खाली आज्ञा आणि पत्ते देवनागरीत दिले आहेत. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरा.)

क्रोम पुन्हा टाकून फरक का पडला नाही, तेही सांगतो. अनइन्स्टॉल करताना 'ब्राउझिंग डेटाही काढा' अशी एक चौकट येते. त्यावर खूण केली नाही तर तुमचं प्रोफाइल, म्हणजे एक्स्टेन्शन्स, सेटिंग्ज, कॅशे, सगळं डिस्कवर तसंच राहतं. नवीन क्रोम आलं की तेच प्रोफाइल उचलतं. बिघाड प्रोफाइलमध्ये असेल तर तोही सोबत परत येतो. आणि बिघाड मेमरीत किंवा ड्रायव्हरमध्ये असेल तर क्रोम बदलण्याचा त्याच्याशी संबंधच नाही.

आता बंद पडण्याकडे वळू. क्रोम म्हणजे एक प्रोग्रॅम नसून अनेक प्रोसेसेसचा, म्हणजे स्वतंत्र चालणाऱ्या भागांचा, समूह आहे. मुख्य ब्राउझर वेगळा, ग्राफिक्सचं काम वेगळ्या प्रोसेसकडे, नेटवर्कचं आणखी वेगळ्या, आणि वेबसाइट्सची पानं बहुधा आपापल्या प्रोसेसमध्ये. सोसायटीतल्या प्रत्येक घराला वेगळा एमसीबी असतो, तशीच ही रचना: एका घरात शॉर्ट झालं तर तेवढंच घर अंधारात जातं. 'ऑ, स्नॅप!' म्हणजे एका पानाची प्रोसेस कोसळली, बाकी ब्राउझर शाबूत आहे. अख्खी विंडो गायब होणं म्हणजे मुख्य प्रोसेसच पडली. दोन्हींची कारणं वेगळी असू शकतात, म्हणून नोंदीत हा फरक नक्की लिहा.

'ऑ, स्नॅप!'खाली 'आउट ऑफ मेमरी' असेल तर शोध जवळपास संपलाच. ४ जीबी रॅमपैकी विंडोज १०, अँटिव्हायरस आणि पार्श्वभूमीतल्या गोष्टी मिळून दीड-दोन जीबी सहज घेतात. वेगळं कार्ड नसून प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स असेल तर थोडा वाटा त्याचाही असतो. उरलेल्यात क्रोम. एक जड पान तीनशे-चारशे एमबी घेतं. दुसऱ्या टॅबमध्ये व्हॉट्सॲप वेब, तिसऱ्यात यूट्यूब, चौथ्यात उघडलेली पीडीएफ असं असेल तर कागदपत्र अपलोड करायच्या क्षणी जागा संपणारच.

पण रॅम भरली म्हणून लगेच काही कोसळत नाही. विंडोज जास्तीचा भार डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये टाकतं, आणि खरी अडचण त्या फाइललाही वाढायला जागा नसते तेव्हा येते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, 'परफॉर्मन्स'मध्ये 'मेमरी'वर जा आणि 'कमिटेड' हा आकडा बघा. तिथे दोन संख्या असतात, समजा ६.८/७.२ जीबी: पहिली म्हणजे सगळ्या प्रोग्रॅम्सना कबूल केलेली मेमरी, दुसरी म्हणजे रॅम आणि पेज फाइल मिळून असलेली मर्यादा. पहिली दुसरीच्या अगदी जवळ गेली की कुठलाही प्रोग्रॅम कधीही पडू शकतो. बहुतेक लोक वरचा टक्क्यांचा आकडा बघतात. तो ८५ असला तरी यंत्र तग धरू शकतं. कमिटेड काठावर आलं की नाही धरत.

यावर लगेच करण्यासारखं असं: सी ड्राइव्हवर १० ते १५ जीबी जागा मोकळी करा आणि पेज फाइल विंडोजच्याच हाती ठेवा. त्यासाठी सिस्टिम प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, परफॉर्मन्सची सेटिंग्ज, पुन्हा ॲडव्हान्स्ड, व्हर्च्युअल मेमरी असं जा आणि 'ऑटोमॅटिकली मॅनेज' या ओळीवर खूण आहे ना ते पाहा. 'लॅपटॉप वेगवान करा' छापाच्या व्हिडिओंमध्ये पेज फाइल बंद करायला सांगतात. ४ जीबीच्या यंत्रावर हा सल्ला सरळसरळ घातक आहे. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'परफॉर्मन्स'खाली 'मेमरी सेव्हर' आहे, तो चालू करा. फक्त एक लक्षात ठेवा: तो न वापरलेले टॅब झोपवतो, आणि त्या टॅबवर परत गेलात की पान नव्याने लोड होतं. अर्जाची साइट त्याच पडद्यावर 'नेहमी चालू ठेवा' या यादीत घाला. मग शिफ्ट आणि एस्केप दाबून क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडा. कोणता टॅब आणि कोणतं एक्स्टेन्शन किती मेमरी खातंय ते तिथे नावानिशी दिसतं.

कायमचा उपाय रॅम वाढवणं हाच आहे. टास्क मॅनेजरच्या त्याच पानावर 'स्लॉट्स यूज्ड' अशी ओळ असते. एक स्लॉट मोकळा दिसला तर बहुधा काम सोपं आहे. पण काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच डाग देऊन बसवलेली असते, त्यामुळे विकत घेण्याआधी मॉडेल क्रमांकावरून किंवा मागचं झाकण उघडून खात्री करा. डीडीआर३ आणि डीडीआर४ एकमेकांच्या खाचेत बसत नाहीत.

कोड 'आउट ऑफ मेमरी' नसून 'स्टेटस ॲक्सेस व्हायोलेशन' किंवा 'स्टेटस ब्रेकपॉइंट' असेल, किंवा विंडोच गायब होत असेल, तर पुढची चाचणी गेस्ट विंडोत करायची. उजव्या कोपऱ्यातल्या प्रोफाइलच्या चित्रावर क्लिक करून गेस्ट उघडा आणि तोच अर्ज तिथे भरून बघा. लोक यासाठी इन्कॉग्निटो वापरतात. मला गेस्ट जास्त पटतं, कारण इन्कॉग्निटो तुमच्याच प्रोफाइलवर चालतं आणि तिथे परवानगी दिलेली एक्स्टेन्शन्सही चालू राहतात. गेस्टमध्ये सगळं कोरं असतं.

गेस्टमध्ये तास-दीड तास काही झालं नाही तर दोष एक्स्टेन्शनचा किंवा प्रोफाइलचा. सगळी एक्स्टेन्शन्स बंद करा, मग निम्मी चालू करा. बिघाड आला तर तो त्या निम्म्यांत, नाही तर उरलेल्यांत. फुकटचे व्हीपीएन, व्हिडिओ डाउनलोड करणारी आणि कूपन शोधणारी एक्स्टेन्शन्स माझ्या यादीत नेहमी आधी तपासायची असतात. सगळी बंद करूनही बिघाड राहिला तर प्रोफाइल खराब आहे. ते हटवू नका, नाव बदला. 'क्रोम://व्हर्जन' या पानावर 'प्रोफाइल पाथ' दिसतो. क्रोम पूर्ण बंद करून त्या मार्गावरच्या 'डिफॉल्ट' फोल्डरचं नाव 'डिफॉल्ट-जुनं' करा. क्रोम नवीन फोल्डर तयार करेल. त्याआधी बुकमार्क्स एक्स्पोर्ट करा आणि पासवर्ड गुगल खात्याशी सिंक झाले आहेत का ते पाहा. साठवलेले पासवर्ड विंडोजच्या खात्याशी बांधून कुलूपबंद केलेले असतात, त्यामुळे फोल्डर दुसऱ्या यंत्रावर नेऊन ते उघडत नाहीत.

गेस्टमध्येही पडत असेल तर संशय ग्राफिक्सवर. खूण अशी: पडण्याआधी पडदा क्षणभर काळा किंवा पांढरा होतो, किंवा व्हिडिओ, नकाशा, कॅमेऱ्याने फोटो घेणारं पान उघडलं की हमखास पडतं. सेटिंग्ज, सिस्टिम, 'यूज ग्राफिक्स ॲक्सलरेशन व्हेन अव्हेलेबल' बंद करा आणि रीलाँच दाबा. त्रास थांबला तर दोषी सापडला, पण तिथेच थांबू नका. हे बंद असताना व्हिडिओचं सगळं ओझं प्रोसेसरवर येतं, पंखा ओरडतो आणि बॅटरी लवकर उतरते. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर घ्या, टाका आणि सेटिंग पुन्हा चालू करून बघा. 'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर' देणारे प्रोग्रॅम यासाठी वापरू नका. ते चुकीच्या आवृत्त्या टाकतात आणि सोबत नको ती पाहुणेमंडळीही आणतात.

साक्षीपुरावा दोन ठिकाणी मिळतो. 'क्रोम://क्रॅशेस' या पानावर ब्राउझरच्या पडझडीची तारीख-वेळ असते. दुसरं विंडोजचं: विंडोज आणि आर दाबून 'परफमॉन /रेल' टाका. रोजचा आलेख आणि लाल फुल्या दिसतील. क्रोमच्या फुलीवर दोनदा क्लिक केलं की 'फॉल्ट मॉड्यूल नेम', म्हणजे ज्या फाइलमध्ये पडझड झाली तिचं नाव, दिसतं. ते आयजी, एनव्ही किंवा एटीआय या अक्षरांनी सुरू होत असेल तर बहुधा अनुक्रमे इंटेल, एनव्हिडिया आणि एएमडीच्या ग्राफिक्सकडे बोट आहे. अँटिव्हायरसच्या फाइलचं नाव असेल तर तो अद्ययावत करा किंवा काढून फक्त विंडोजचा डिफेंडर ठेवा. एनटीडीएलएल दिसलं तर मात्र त्यावरून काही ठरवू नका. ती विंडोजची मूळ फाइल आहे आणि वेगवेगळ्या कारणांच्या पडझडीत तिचंच नाव येतं. क्रोम आपली पडझड बरेचदा स्वतःच हाताळतं, त्यामुळे विंडोजच्या आलेखात नोंद नसेल तर क्रॅशेसच्या पानावर विसंबा.

त्या आलेखात क्रोमखेरीज वर्ड, एक्सप्लोरर, आणखी काहीबाही पडलेलं दिसतंय आणि क्रोममध्ये दर वेळी वेगळाच कोड येतोय? मग ब्राउझर सोडा आणि रॅमची पट्टी तपासा. विंडोज आणि आर दाबून 'एमडीशेड' (अक्षरं: एम, डी, एस, सी, एच, ई, डी) चालवा, यंत्र रीस्टार्ट होऊन चाचणी करेल. चाचणी सुरू असताना एफ१ दाबून 'एक्स्टेंडेड' निवडा आणि रात्रभर चालू द्या. एक जरी चूक सापडली तरी पट्टी बदलावी लागते. आधी ती काढून, सोनेरी पट्ट्या कोरड्या मऊ कापडाने पुसून परत बसवा. कधी कधी नुसता संपर्क सैल असतो.

तुलना म्हणून दुसरा ब्राउझर वापरायचा तर फायरफॉक्स घ्या. एज आणि क्रोम एकाच क्रोमियम गाभ्यावर उभे आहेत, त्यामुळे दोन्हीकडे सारखा बिघाड दिसण्यातून फार काही कळत नाही. ज्यांच्याकडे अजून विंडोज ७ किंवा ८.१ आहे त्यांना वेगळं उत्तर: तिथे क्रोम २०२३ सालच्या १०९ व्या आवृत्तीवर थांबलं आहे आणि नव्या साइट्स त्यावर अडखळणारच.

आता नेट. इथे पहिली फसवणूक 'मोबाइल चालतो' या वाक्यात असते. वाय-फाय कमकुवत झालं की अनेक फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातात. फोनचा मोबाइल डेटा बंद करा आणि मगच तुलना करा. त्यानंतरही फोन चालला तर राउटर आणि त्यापुढची लाइन बहुतांशी ठीक आहे.

मग लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची काळी विंडो) उघडून 'आयपीकॉन्फिग' टाका. 'डिफॉल्ट गेटवे' हा तुमच्या राउटरचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. आता कमांड प्रॉम्प्टच्या दोन विंडो शेजारी शेजारी ठेवा. एकीत 'पिंग -टी' आणि पुढे गेटवेचा पत्ता, दुसरीत 'पिंग -टी ८.८.८.८'. पिंग म्हणजे त्या पत्त्याला 'आहेस का?' असं सतत विचारत राहणं, आणि ८.८.८.८ हा गुगलचा बाहेरचा सर्व्हर. दोन्ही चालू ठेवून नेहमीचं काम करा. नेट गेलं की लगेच ब्राउझरकडे नाही, या दोन विंडोंकडे बघा. अर्ध्याहून जास्त निदान इथेच होतं.

दोन्हींत 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' येत असेल तर लॅपटॉप आणि राउटर यांच्यातलाच दुवा तुटतोय. फोन चालतोय आणि लॅपटॉप नाही, यावरून तुमच्या बाबतीत हीच शक्यता मला सर्वाधिक वाटते. गेटवेचं उत्तर साधारण १ ते ५ मिलिसेकंदांत यायला हवं. एखादं उत्तर हुकलं तर काळजी नको. पण मध्येच ३००-५०० दिसत असेल तर लहरींचा गोंधळ आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क ॲडॅप्टर्सखाली वाय-फाय कार्डाच्या प्रॉपर्टीज उघडा, 'पॉवर मॅनेजमेंट'मध्ये वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी काढून टाका. काही नव्या लॅपटॉपमध्ये हा टॅबच नसतो. कार्डाचा ड्रायव्हरही कंपनीच्याच साइटवरून घ्या.

राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ हे वाय-फायचे दोन्ही पट्टे देत असेल आणि दोन्हींचं नाव एकच असेल तर लॅपटॉप एकातून दुसऱ्यात उड्या मारू शकतो. त्या क्षणी 'एरर नेटवर्क चेंज्ड' येतं आणि अर्धवट अपलोड मरतं. दोन्हींना वेगळी नावं द्या. त्याच खोलीत बसत असाल तर ५, मध्ये दोन भिंती असतील तर २.४. दाटीच्या इमारतींमध्ये २.४ वर शेजाऱ्यांची गर्दी असते. तिथे राउटरचा चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी सर्वांत मोकळा असेल तो ठेवा; मधले आकडे दोन्ही बाजूंना घासतात. आणखी एक, फारसं कोणाच्या लक्षात न येणारं कारण: यूएसबी ३ ची बाहेरची हार्ड डिस्क आणि तिची केबल २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आवाज सोडते. डिस्क लावली की वाय-फाय रडतं असं असेल तर ती लांब ठेवा किंवा ५ वर जा. 'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट' ही आज्ञा ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवली तर गेल्या तीन दिवसांत वाय-फाय कधी आणि का सुटलं याचा तक्ता मिळतो.

गेटवे उत्तर देतोय पण ८.८.८.८ देत नाही, असं असेल तर लॅपटॉपला हात लावू नका. दोष राउटरपासून पुढे आहे. फायबरच्या डब्यावर 'लॉस' दिवा लाल असेल तर प्रकाशच पोचत नाही: केबल मुडपली आहे, उंदराने कुरतडली आहे किंवा जोड सुटला आहे. केबलचं टोक काढून त्यात डोकावू नका, त्यातला लेझर दिसत नाही पण डोळ्याला इजा करू शकतो. दिवे ठीक असतील तर वीज बघा. इन्व्हर्टरवर जाताना दिवा क्षणभर मिचमिचतो तेवढ्यात राउटर रीस्टार्ट होतो, आणि परत उभा राहायला त्याला दोन-तीन मिनिटं लागतात. राउटरच्याच व्होल्टेजचा, बहुधा १२ व्होल्टचा, छोटा यूपीएस लावला की हा प्रकार थांबतो. बाकी असेल तर तुटण्याच्या वेळांची यादी घेऊनच सेवा कंपनीकडे तक्रार करा. 'नेट स्लो आहे' या तक्रारीवर कोणी जोड तपासायला येत नाही.

दोन्ही पिंग नीट चालू आहेत आणि तरी पान उघडत नाही, हा तिसरा प्रकार. 'डीएनएस प्रोब फिनिश्ड एनएक्सडोमेन' किंवा 'नेम नॉट रिझॉल्व्ह्ड' असेल तर नावाचा पत्ता सापडत नाही. 'आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस' करा, न भागल्यास वाय-फायच्या सेटिंगमध्ये डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आकड्यांतला पत्ता सांगणारी सेवा) म्हणून १.१.१.१ आणि ८.८.८.८ घाला. 'प्रॉक्सी कनेक्शन फेल्ड' असेल तर विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये प्रॉक्सी (नेट ज्यातून वळवलं जातं तो मधला सर्व्हर) बंद करा. काढून टाकलेला व्हीपीएन बरेचदा तिथे आपली खूण सोडून जातो. सर्टिफिकेटच्या तारखेची चूक येत असेल तर आधी लॅपटॉपचं घड्याळ बघा. काही साइट्स झटकन उघडतात आणि काही नुसत्या फिरत राहतात, असं असेल आणि लाइन पीपीपीओईची (राउटरमध्ये युजरनेम-पासवर्ड घालून जोडली जाणारी) असेल तर राउटरमध्ये एमटीयू, म्हणजे डेटाच्या एका पुडक्याचा कमाल आकार, १४९२ आहे का ते पाहा.

आणि ज्या तिसऱ्याच गोष्टीकडे सगळे नेट गेलं म्हणून बघतात ती म्हणजे 'सेशन एक्स्पायर्ड'. हे कनेक्शन तुटणं नाही. काही मिनिटं सर्व्हरकडे काही गेलं नाही की पोर्टल तुम्हाला बाहेर काढतं, आणि पानावर नुसतं टाइप करत राहिल्याने सर्व्हरला काही कळत नाही. एकच लॉगिन दोन टॅबमध्ये उघडलं किंवा ब्राउझरचं 'मागे' बटण दाबलं तरी कित्येक पोर्टलवर हेच होतं.

मुदत जवळ आहे म्हणून आजचा क्रम असा ठेवा. यंत्र रीस्टार्ट करा, फक्त गेस्ट विंडो उघडा, त्यात फक्त अर्जाचा टॅब. फोन यूएसबी केबलने जोडून त्याचं नेट वापरा, आणि लॅपटॉपचं वाय-फाय पूर्ण बंद ठेवा म्हणजे दोन नेटवर्कांत ओढाताण होणार नाही. लांब मजकूर आधी नोटपॅडमध्ये लिहा. फोटो आणि दाखले मागितलेल्या आकारात आधीच छोटे करून एका फोल्डरमध्ये ठेवा. प्रत्येक टप्प्याला 'सेव्ह' दाबा आणि अर्ज क्रमांक मिळाला की लगेच टिपून घ्या. गेस्ट विंडो बंद केली की लॉगिन जातं, पण सर्व्हरवर सेव्ह झालेलं राहतं.

अर्ज झाल्यावर शोधाकडे परत या आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर काय लागू पडलं ते कळणार नाही. अडलात तर पुढच्या वेळी इतकं लिहा: एरर कोड, एक टॅब पडला की अख्खी विंडो, 'कमिटेड'च्या दोन संख्या, सी ड्राइव्हची मोकळी जागा, गेस्टमध्ये काय झालं, आणि नेट गेलं त्या क्षणी दोन्ही पिंग काय दाखवत होते.